बाई गाय छे

"शूऽऽ! बाई गाय छे!"

ओठांवर बोट, डोळे मोठे. डहाणूला स्टेशनजवळ एका गुजराती काकांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मराठी बोलता बोलता गुजरातीत कधी शिरत, त्यांनाही कळत नसे. जुन्या तबकड्या ते कॉम्प्युटरवर उतरवून देत, आणि तबकडी फिरू लागली की हे ठरलेलं. 'बाई गातेय', एवढाच अर्थ. पण आमच्या शाळेत घाटावरून बदलून आलेल्या एक शिक्षिका वडिलांची तबकडी घेऊन गेल्या, आणि आपल्याला गाय म्हटलं म्हणून तणतणत परत आल्या. त्यांची समजूत घालायला मी सोबत गेलो, ती माझी पहिली भेट.

पुढे मीही तिथे रमलो. खोकला आला तर रुमालात दाबायचो. बऱ्याच महिन्यांनी कळलं, गाणं वायरीतून जातं, खोलीतलं बोलणं उतरतच नाही!

"मग गप्प का बसवता हो?"

"अरे, कोणी गात असताना आपण बडबड करायची?"

त्यानंतरही मी खोकला रुमालातच दाबत राहिलो.

मग मी आईची तबकडी नेली. आई लहान असताना तिला आणि आमच्या आळीतल्या काही मुलींना मुंबईला नेऊन लग्नाच्या एका गाण्यात मागे गायला उभं केलं होतं. तबकडी घरी आली, पण ती वाजवायचं यंत्र मासळी सुकवणाऱ्या घरात कुठून असणार? आईने आपला तो आवाज कधी ऐकलाच नव्हता. आता तिचा एक कान गेला होता, दुसरा चालला होता. मला घाई झाली होती.

त्यांना नव्हती. मी पुसायला स्पिरिट काढलं तर बाटलीच हिसकावली. "लाखेची आहे ही! विरघळून जाईल तुझी आई!" साबणाच्या पाण्याने त्यांनी ती तान्ह्या मुलासारखी धुतली. तबकडीला चीर होती, सुई घसरायची. सुया बदलत, चहा विसरत ते बसून राहिले. मी आशा सोडली होती. त्यांनी सोडली नाही.

आईला दुकानात आणून त्यांनी तिच्या कानांवर हेडफोन चढवला. तिने तो दोन्ही हातांनी कानांवर दाबला. मग ओरडली, "ही मी हाय! मागची, ही मीच!" आणि कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशी मोठ्याने गाऊ लागली. मी तिला थांबवायला उठलो. त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं आणि हळूच माइक तिच्यासमोर सरकवला.

गेल्या वर्षी ते गेले. आईला आता काहीच ऐकू येत नाही. त्यांचे आभार मानायचे राहिले असं नाही, मी पुष्कळ मानले. तरी पुरे वाटत नाहीत.

ते रेकॉर्डिंग मी अधूनमधून लावतो. गाणं संपतं, माइक चालूच राहिलेला असतो. त्यांचा आवाज येतो, "मावशी, पाणी देऊ?" आईला ऐकू जात नाही. ते पुन्हा, जरा मोठ्याने विचारतात, "मावशी, पाणी?"

घरात कोणी नसलं की मीच म्हणतो, "द्या."