ओंडक्याची घोडी

पडलेल्या फणसाचे ओंडके कापायला आमच्या ह्यांनी मोडक्या बाजेची लाकडं फुलीसारखी ठोकून घोडी बनवली. आजवर मशीनची करवत चालायची तेव्हा ओंडक्याचं दुसरं टोक मी धरायची. केसांत भुसा, जीव मुठीत. आता ओंडका घोडीवर निमूट पडून होता. सासूबाईंनी घोडीला हळदकुंकू वाहून नारळ फोडला. "सुटलीस गं बाई!" म्हणाल्या. मी चहा घेऊन पायरीवर ऐसपैस बसले. पण हात मोकळे झाले की थोडं चुकल्याचुकल्यासारखंही वाटतं. मशीन सुरू करण्याआधी ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"येतेस ना?"

"घोडी आहे की धरायला!"

"आहे. पण समोर तू नसलीस की करवत वाकडी जाते."

मी चहा तसाच ठेवला आणि केसांना फडकं बांधलं.