मामांची कात्री आणि रानवेल

माझ्या बायकोच्या मामांच्या हातून शेंड्यासकट सुटलेली वस्तू मी आजवर पाहिलेली नाही. कवठे महांकाळला त्यांची द्राक्षबाग आहे आणि छाटल्याशिवाय जगात कुणालाच फळ येत नाही, अशी त्यांची गाढ श्रद्धा. छाटणीची कात्री कायम खिशात. मलकापूरला आमच्याकडे आले की चहा गाळेपर्यंत अंगणातला कढीपत्ता निम्मा झालेला असतो. माझ्या लग्नात तर त्यांनी भटजींना बाजूला घेऊन तीन मंगलाष्टकं कमी करायला लावली. वर ‘मामा, बरं केलंत’ असंही म्हणावं लागतं, कारण नातं पडलं मामेसासऱ्याचं.

त्यांचा मुलगा फौजेत. ईशान्येकडच्या डोंगरातून सुट्टीवर येताना तो एका वेलाचं रोप घेऊन आला. कृष्णकमळाचाच भाऊबंद, पण रानात आपला आपण वाढणारा, आणि याची जांभळी फळं खातात. गस्तीवर आम्ही तीच फोडून खातो, पुढच्या सुट्टीला घरची खाऊ, एवढं बोलून पोरगा गेला. झालं! मामांना दुसरं काही सुचेना. वेलाला मांडव घातला, ठिबक दिलं, शेणखत दिलं, आणि ऑक्टोबर उजाडताच द्राक्षांबरोबर त्याचीही छाटणी उरकली. नेमक्या तेव्हाच त्याला कळ्या धरत. पोरगा यायचा तेव्हा मांडवावर नुसत्या काड्या. ‘औंदा छाटणी हलकी झाली,’ असं खाली मानेनं सांगून मामा पुढल्या वर्षी आणखी खोल छाटत. मी एकदा ‘राहू द्या की’ म्हणून पाहिलं, तर त्यांनी माझ्या वाढलेल्या केसांकडे असं काही पाहिलं की मी दोन पावलं मागे सरकलो.

गेल्या ऑक्टोबरात मामा बागेत घसरून पडले आणि उजवा हात प्लास्टरात गेला. द्राक्षं मजुरांनी छाटली, पण वेलाला परक्याचा हात नको म्हणून मला बोलावणं आलं. मी जातीचा आळशी, आज येतो, उद्या येतो करत राहिलो. तेवढ्यात वेलानं मांडव सोडून शेजाऱ्यांची टीव्हीची डिश गाठली.

संक्रांतीला गेलो तर फळीवर जांभळी फळं मांडलेली आणि मामा समोर बसलेले.

‘पावणं, इतकी वर्सं मीच त्येच्या आडवा आलो,’ ते म्हणाले.

मुलाची सुट्टी पुढे ढकलली होती. फळं सुरकुतायला लागली होती. वाया जाण्याआधी खाऊन टाका, असं बायको म्हणाली.

‘आसू दे. सुरकुत्या पडल्या की लय ग्वाड लागतं म्हनं. त्यो आला म्हंजे फोडू.’

निघताना त्यांनी आमच्या कढीपत्त्याची चौकशी केली. पार पत्र्याला टेकलाय, मी भीतभीतच सांगितलं.

‘वाढू द्या की,’ मामा म्हणाले, आणि एक फळ हुंगून पुन्हा जागच्या जागी ठेवलं.