उलट्या पिसांची माशी

माशीची पिसं उलटी बांधायची असतात, हे अख्ख्या नागपुरात मला एकट्यालाच माहीत होतं.

माशी म्हणजे खोटी माशी! गळावर दोरा आणि कोंबड्याचं पीस गुंडाळलं की माशाला तो किडा वाटतो. इतर लोक पिसं मागे झुकवतात. जपानच्या डोंगरातले जुने मासेमार मात्र पुढे झुकवतात, वाऱ्यानं उलटलेल्या छत्रीसारखी. इटलीच्या डोंगरातही तसंच. दोरी हलवली की पिसं उघडतात, मिटतात आणि मासा फसतो. (हे सगळं मी मिहानमधल्या ऑफिसात, कामाच्या वेळात, मोबाईलवर शिकलो.)

माझा कन्हानचा साळा गजानन कणकेच्या गोळीवर मासे धरतो. माझ्या माश्या पाहून म्हणाला, "भाऊजी, काय करून राहिले? पिसं उलटी लागली न!"

"जपानात असंच असते!"

"पन मासे त कन्हानचे आहेत!"

मी पेटलो! रविवारी सासरची मंडळी कन्हान नदीवर जेवायला येणार होती. बायकोनं विचारलं, "बाजारातून मासे आनून ठेवू का?"

"खबरदार! रस्सा माह्याच माशांचा होईन. नाई झाला त पुन्हा गळाले हात लावनार नाई!"

रविवारी घाईत चष्मा घरीच राहिला, म्हणून माशी दोरीला बायकोनं बांधली. पहिल्या फटक्यात गळ सासऱ्यांच्या टोपीत अडकला. दुसऱ्यात टोपी नदीत! (गजाननानं पोहून आणली. पोहतानाही हसत होता.) चुलीवर मसाला तयार, पातेलं रिकामं, सासूबाई वरणाची भाषा करू लागल्या. मी पुन्हा दोरी फेकली. आणि मासा लागला! मग दुसरा! तासाभरात पातेलं भरलं!

मग काय, मासा उंच धरून मी भाषणच ठोकलं. जपान झालं, इटली झाली. "पाहा! ही उलट्या पिसांची करामत!"

सतरंजीवर कांदा चिरत बसलेली माझी आई म्हणाली, "उलटी कुठं गा बाबू? तू हापिसात गेला तवा मीनंच सारी सिधी केली. मागं दाबून वरून दोरा गुंडाळला."

"काहून वं आई?"

"चारचौघात पोराची फजिती नोको व्हाले म्हनून!"

आता गजानन माश्या आईकडूनच बांधून घेतो. मलाही त्यात एक जबाबदारीचं काम मिळालंय: पिसांसाठी कोंबड्यामागे धावायचं!