सातव्या दाराची चौदावी ओळ

मलिद्याची फळं आणायला गेले आणि नेमकी तिथेच वही हरवली. यावरून मी एलियाहू हन्नाबीवर चार दिवस रुसले होते. रुसले म्हणणंही सौम्यच. खरं तर मी त्याला तोंडावर विचारलं होतं, की तू आहेस तरी का?

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, मूळचे रेवदंड्याचे. आमच्याकडे कुठलंही मोठं काम एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं नाव घेतल्याशिवाय सुरू होत नाही. त्याच्या उरुसाला भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर आणि वेलची घालून मलिदा करायचा, सभोवती फळं मांडायची आणि नवस बोलायचा. दुबईत, करामातल्या दोन खोल्यांच्या घरात बावीस वर्षं मी हे करत आले आहे. पोट भरते ती मात्र युरोपच्या सहली काढून. इथल्या एका लहानशा ट्रॅव्हल ऑफिसात मी टूर लीडर आहे. सहा दिवसांत चार शहरं, रात्री भारतीय जेवण, असलं ते काम.

एव्हाआंटी मला एका घरगुती शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारी सांजेला दिवे लावल्यानंतरच्या, जेवणाला भेटल्या. वय शहाऐंशी. खुब्याचं हाड मोडल्यावर मुलाने त्यांना बुडापेस्टहून दुबईला आणलं होतं. त्यांनी तिथे तीस वर्षं लोकांना पायी हिंडवलं होतं. महायुद्धात ज्या घरांच्या दारावर पिवळा तारा लावून आत ज्यूंना कोंबलं, त्यातली नऊ घरं. प्रत्येक दारासमोर उभं राहून त्या आत राहिलेल्यांची नावं वाचायच्या. सहा वर्षांची एव्हा त्यातल्याच एका दारामागे होती. आता त्यांच्याकडे एक निळी वही उरली होती आणि ती पुढे चालवणारं कुणी नव्हतं. मी त्या शहरात पंधरा वेळा गेले होते आणि दरवेळी माझ्या लोकांना बोटीतून रोषणाई दाखवून परत आणलं होतं. मला लाज वाटली. मी म्हटलं, "आंटी, मला शिकवा. माझे लोक या वाटेने चालतील."

दर बुधवारी दुपारी आम्ही सराव करायचो. वॉकर धरून त्या आमच्या इमारतीखालच्या दुकानांसमोरून पावलं टाकायच्या. हे चौथं दार, हे पाचवं. मी बाकावर टेकले की दटावायच्या, "उठ. नावं उभं राहून वाचायची." त्यांच्या हंगेरियन वहीवरून मी माझ्या वहीत सगळं मराठीत उतरवून घेत होते. लेक सारखी म्हणायची, "ममा, जस्ट स्कॅन इट!" करते उद्या, असं मी महिनाभर म्हणत राहिले. दोष कुणाचा, ते मला पक्कं माहीत आहे.

त्या सोमवारी सकाळी रास अल खोरच्या घाऊक बाजारात मी फळं निवडायला दोन्ही हात मोकळे केले आणि कापडी पिशवी नारळाच्या पोत्यांवर ठेवली. पिशवीत दोन्ही वह्या. घरी येऊन फळं धुताना आठवलं. तशीच परत गेले. पोती नव्हती, पिशवीही नव्हती.

एव्हाआंटींना सांगायला जाताना पाय उचलत नव्हते. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कोरा कागद मागितला आणि पहिल्या दाराची नावं आठवून लिहायला बसल्या. अकरापैकी चार आठवली. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "आता ती माणसं गेली. एकदा तिथे गेली होती, आता माझ्या डोक्यातूनही."

मी म्हटलं, "मी नवस बोलले आहे. आमचा नबी हरवलेलं मिळवून देतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्या वर्षी आम्ही सगळे त्याच्या वाटेकडे डोळे लावून होतो. तेव्हा कुठे होता तो?"

  दुसऱ्या दिवशी उरूस होता. फळं टोपलीत तशीच राहिली आणि मी मलिदा केला नाही. ज्याने त्या दारांमागच्या मुलांसाठी हात पुढे केला नाही, त्याने माझ्या वहीसाठी करावा, असं मागायचं तरी कोणत्या तोंडाने? पण एक ठरवलं. मागणं बंद, शोधणं बंद नाही.

मंगळवारी बाजारात गेले. गुरुवारी पुन्हा गेले. तेव्हा एका हमालाला माझी दया आली. "मॅडम, वो सोमवार का नारियल तो खोर फक्कान गया. दो-चार किराना दुकान में बँटता है." दुकानांची नावं त्याला ठाऊक नव्हती. ड्रायव्हर सुट्टीवर गावी गेला होता आणि त्याचा फोन बंद होता. हमाल म्हणाला, "खलास मॅडम, भूल जाओ."

शुक्रवारी सकाळी मी शारजामार्गे खोर फक्कानला पोहोचले. डोंगरातून बोगद्यांचा रस्ता, मग एकदम समुद्र आणि बंदराच्या उंच क्रेन. किराणा दुकान दिसलं की आत शिरायचं आणि हिंदीत विचारायचं, अशी पाच झाली, सहा झाली. मग जुम्म्याच्या नमाजाची वेळ झाली आणि एकेक शटर खाली आलं. एका भिंतीच्या सावलीत टेकून मी नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, ये आता घरी, शब्बाथच्या आत पोहोचायला हवं. मी म्हटलं, "वही नाही सापडली अजून. पण सगळी दुकानं बघितल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

नमाजाहून परतणारे एक म्हातारे गृहस्थ माझं मराठी ऐकून वाटेत थबकले. पांढरी टोपी, हातात चाव्यांचा जुडगा. त्यांनी मला नीट निरखलं.

"वही शोधतेस काय गो बाय? दारांची?"

फोन माझ्या हातातच राहिला.

त्यांचं नाव कासमभाई. कोकणातल्या म्हसळ्याचे, चाळीस वर्षं इथे दुकान. नारळांबरोबर आलेली पिशवी त्यांनी गल्ल्यामागे ठेवली होती. वहीत फोन नंबर नाही, म्हणून सोमवारच्या गाडीने ती बाजारात परत पाठवणार होते. म्हणजे मी आले नसते तरी बहुधा वही मिळाली असती. हे मी लपवत नाही.

"माफ कर," ते म्हणाले, "दुसऱ्याची वही वाचू नये. पण मराठी अक्षर दिसलं, एक पान वाचलं, मग ठेववेना. आमच्या गावात तुमच्यातल्या तेल्याचा घाणा होता, शनिवारी बंद असायचा. वहीतल्या त्या मुलखातही तुमचे लोक होते, ते मला ठाऊक नव्हतं." त्यांनी पाण्याची बाटली माझ्या हातात दिली आणि दोन्ही वह्या काउंटरवर शेजारी शेजारी उघडल्या. "निळीतलं मला वाचता येत नाही. पण दारांचे नंबर जुळवत गेलो. सातव्या दाराला तिच्यात चौदा ओळी आहेत. तुझ्यात तेराच. एक माणूस राहिला तुझा."

मी वाकून पाहिलं. शेवटच्या ओळीत नाव नव्हतंच. एक आडवी रेघ आणि पुढे सहाचा आकडा. उतरवताना मला ती खाडाखोड वाटली होती. तसं मी त्यांना सांगितलं, आणि निळी वही एव्हाआंटींची आहे हेही.

"रेघ तर रेघ," कासमभाई म्हणाले, "पण तिने ओळ सोडलीय ना त्याच्यासाठी? विचार तिला."

परत निघायला गाडी मिळेना, तर त्यांनी दुकान बंद केलं आणि मला स्वतः दुबईपर्यंत आणून सोडलं. "चाय घ्या तरी," म्हटलं तर, "तुझे दिवे लावायची वेळ झाली, यल्ला, जा," म्हणून निघूनही गेले.

सूर्य मावळायला अजून थोडा अवकाश होता. एव्हाआंटींनी वही हातात घेतली, पण उघडली नाही, नुसती मांडीवर धरून बसल्या. मीच सातवं दार काढलं आणि त्या रेघेवर बोट ठेवलं. "आंटी, हे काय आहे?"

त्यांनीही आपलं बोट त्या रेघेवर टेकवलं.

"माझा भाऊ," मग त्या म्हणाल्या. "त्या घरातच जन्मला. सहा दिवस होता. नाव नव्हतं, म्हणून वॉकमध्ये मी त्याला कधी वाचलंच नाही. तीस वर्षं. नाव नसलेल्याला वाचायचं कसं?"

आमच्यात मुलाचं नाव आठव्या दिवशी ठेवतात, सुंतेच्या वेळी. त्या दिवशी एक खुर्ची रिकामी ठेवतात, एलियाहू हन्नाबीसाठी. त्या पोराचा आठवा दिवस उजाडलाच नाही. ती खुर्ची कुणी मांडलीच नाही. मी आंटींच्या पायाशी बसले आणि आम्ही दोघी रडलो. मग त्यांच्या घरीच, उशीर होऊ न देता, दिवे लावले.

तो कुठे होता, हे मला अजून कळलेलं नाही. वही हरवली नसती, तर ते मूल माझ्या हातूनही गाळलं गेलं असतं आणि आंटींबरोबर कायमचं गेलं असतं, एवढं मात्र कळतं. वाचता न येणाऱ्या वहीत ज्यांनी ओळी मोजल्या, ते कोण आणि त्यांना कुणी पाठवलं, यावर मी वाद घालत नाही. आंटीही घालत नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "त्या माणसाचं नाव काय?" आणि निळ्या वहीच्या शेवटच्या पानावर ते स्वतःच्या हाताने लिहिलं. रविवारी मी मलिदा केला. काही मागितलं नाही.

मला वाटायचं, शरण जाणं म्हणजे हात जोडून थांबणं. आता वाटतं, आपलं चालणं आपण सोडायचं नाही, पण कशासाठी चाललो होतो ते आपल्याला आधीच माहीत होतं, हा हट्ट सोडायचा. मी वही शोधायला गेले होते, सापडलं ते मूल.

गेल्या वसंतात गल्फमधली अठरा मराठी माणसं घेऊन मी त्या वाटेने चालले. फेरी संपवून फोन केला तेव्हा आंटींनी एवढंच विचारलं, "सातव्याला किती वाचलीस?" मी म्हटलं, "चौदा." तेरा नावं मी मोठ्याने वाचली होती. मग वही मिटली आणि एक नाव उच्चारायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ आम्ही सगळे त्या दारासमोर गप्प उभे राहिलो.