एक्सलसाठी काळं ग्रीस

त्या दुष्काळात दूध संघानं वडवणीजवळ गुरांची छावणी उघडली आणि मी तिथं जनावरांची डॉक्टर म्हणून रुजू झाले. विहिरी आटलेल्या, कडबा मिळेनासा झालेला, त्यामुळं आसपासच्या गावांतले लोक जनावरं घेऊन छावणीतच मुक्कामाला आले होते. संघाच्या आणखी दोन छावण्या आत माळावर होत्या. तिकडं जायची वाट म्हणजे ट्रॅक्टरांनी उखणलेला फुफाटा. संघाची जीप पाण्याच्या कामात अडकलेली, म्हणून मी माझी जुनी छोटी कार घेऊन जायची.

वडवणीतल्या घरात मी आणि माझे सासरे, दोघंच. नवरा नोकरीनिमित्त लातूरला होता. सासऱ्यांना मी मामा म्हणायची. त्यांनी बीडच्या एसटी डेपोत मेकॅनिक म्हणून सगळी नोकरी काढली होती. सासूबाई गेल्यापासून त्यांनी बोलणंच सोडलं होतं. हाक मारली की जेवायला यायचे, भाकरी मोडायचे, ताट उचलून ठेवायचे आणि पुन्हा ओसरीवर जाऊन बसायचे. दिवसभर हंबरणाऱ्या जनावरांत राहून घरी आलं की ती शांतता मला फार जड जायची. पण काय बोलावं ते मलाही सुचत नसे.

मग गाडी वाजायला लागली. वळण घेतलं की डाव्या चाकातून टक टक टक. सरळ रस्त्याला लागलं की बंद. एका संध्याकाळी मी गल्लीत गाडी वळवून लावली, तर मामा ओसरीवरून उठून आले.

"कवापासून वाजतीय?"

"झाले चार-पाच दिवस."

"बूट फाटला आसंल," म्हणाले आणि खाली वाकलेसुद्धा.

बूट म्हणजे एक्सलच्या जोडावरचं रबरी झाकण. ते फाटलं की आतलं ग्रीस बाहेर उडतं आणि बाहेरची धूळ आत शिरते. त्या वर्षी धुळीला तोटा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मामांनी एक्सल बाहेर काढला. जोड रॉकेलमध्ये धुतला, आतले छर्रे एकेक करून उजेडात फिरवून पाहिले. "खड्डे पडले न्हाईत आजून. वाचंल जॉईंट." नवीन बूट गावातच मिळाला. ग्रीस त्यांच्या खाटेखालीच होतं, पिवळं, जुन्या पत्र्याच्या डब्यात. "जल्मभर ह्येच भरलं बसला," असं म्हणत त्यांनी बोटांनी ते आत दाबलं. काम करताना ते आपसूक बोलत होते. डेपोतल्या गमती, घाटात बंद पडलेल्या गाड्या. त्या दिवशी त्यांनी जेवताना आणखी एक भाकरी मागून घेतली. मी लातूरला फोन करून नवऱ्याला तेवढंच सांगितलं.

आठवडाभरात आवाज परत सुरू झाला. माळावरच्या छावणीत मी चाकाच्या आतल्या बाजूला वाकून पाहिलं, तर पातळ, तेलकट ओघळ उडालेले. ग्रीस वितळून बुटाच्या पट्ट्याखालून निसटत होतं. घरी आल्यावर मामांनी विचारलं, "कशी चालतीय?" मी "बरी" म्हणाले. रात्रभर ते मनाला लागून राहिलं. त्यांच्या हातचं काम, तेही इतक्या दिवसांनी केलेलं. पण आडरानात एक्सल तुटला तर? सकाळी चहा देताना मी सांगून टाकलं.

मामांनी चहा संपवला, गाडीखाली गेले, बोटावर तो ओघळ घेऊन बराच वेळ चोळत बसले. मी आंघोळ उरकून बाहेर आले तर ते नव्हते. खुंटीवरची त्यांची पिशवीही नव्हती.

गेवराईला नणंद राहते. दुपारी तिला फोन केला. "इकडं तर आले न्हाईत गं वैनी," ती म्हणाली. छावणीत त्या दिवशी एक गाय अडली होती. वासराचे पाय ओढताना हात काम करत होते, पण डोक्यात एकच: म्हातारा माणूस, एवढ्या उन्हात, माझ्यामुळं दुखावून निघून गेला. वासरू जिवंत निघालं, गाईच्या मालकानं हात जोडले, तरी माझं मन थाऱ्यावर नव्हतं.

संध्याकाळी घरी आले तर मामा पायरीवर बसलेले. कपडे धुळीनं पांढरे, पिशवी मांडीवर.

"कुठं गेलता मामा?"

"बीडला. आमच्या डेपोतला एक गडी हाय, रिटायर झाल्यावर त्यानं छोट्या गाड्यांचं गॅरेज टाकलं. त्याला इचारलं. त्यानं आदी च्या पाजला, मंग लई हासला."

"कावून?"

"बसचं पुढचं चाक नुसतं वळतंय. तुझ्या गाडीचं वळतंय बी आन् गाडी ओढतंय बी. सगळा जोर त्या जॉईंटवर. लई तापतंय तिथं. त्यात म्या बसचं ग्रीस कोंबलं." ते स्वतःच हसले. मला ज्याची भीती होती तो राग त्यांच्या चेहऱ्यावर कुठंच नव्हता.

पिशवीतून त्यांनी दोन पुड्या काढल्या. एकीत लाल ग्रीस, एकीत काळं. "त्यो म्हनला काळंच भर. पर म्या बघितल्याबिगर भरनार न्हाई. तवा दे."

"भाकरीचा?"

"दुसरा हाय का?"

मी तवा दिला. चुलीच्या मंद आचेवर त्यांनी तिन्ही ग्रीसचे गोळे ठेवले. पिवळा बघता बघता तुपासारखा पाघळला आणि तव्याच्या मधोमध त्याचं तेल साचलं. लाल आणि काळा मात्र तग धरून राहिले. मग त्यांनी लोखंडाच्या दोन पट्ट्या घेतल्या, एकीवर लाल चोळलं, एकीवर काळं, आणि दोन्ही फडक्यानं घट्ट पुसून माझ्या पुढं धरल्या. लालची पट्टी कोरडी लागत होती. काळ्याच्या पट्टीवर करडा थर राहिला होता आणि बोट त्यावरून सुळकन सरकत होतं. पुडीवर बारीक इंग्रजीत काय लिहिलंय ते त्यांनी मला वाचायला लावलं. आत मोलिब्डेनम धातूच्या संयुगाची काळी पूड होती. जोर पडून ग्रीस बाजूला सरलं तरी ती पूड लोखंडाला धरून राहते.

"मंग ह्येच," मामा म्हणाले.

त्या संध्याकाळी भाकरी शेजारणीच्या तव्यावर झाल्या. आमच्या तव्याचा वास पुढं कधीच गेला नाही.

सकाळी त्यांनी डावा जोड पुन्हा उघडला. पिवळं ग्रीस कणभरही राहू दिलं नाही. एकात एक मिसळलं की दोन्ही बिघडतात, म्हणाले. काळं भरून झाल्यावर उजवा जोडही उघडला आणि तिकडं बोट दाखवलं. "ह्यो तू भर."

"मला जमेल?"

"गाईच्या पोटात हात घालतीस, ह्येला काय भितीस?"

मी अंगठ्यानं छऱ्यांच्या मध्ये ग्रीस दाबत गेले. "दुसऱ्या बाजूनं भाईर येस्तोवर दाब. उरलेलं बुटात. लई कोंबू नको, बूट फुगतो." कोपरापर्यंत हात काळे झाले. टँकरच्या पाण्यातली बादली त्यासाठी खर्चायची नव्हती, म्हणून आम्ही दोघांनी लाकडाच्या भुशानं हात घासले.

बाजाराचा दिवस नव्हता. मोकळ्या बाजारतळावर मी स्टेअरिंग पुरतं डावीकडं फिरवून गाडी गोल गोल चालवली. मामा शेजारी, काच खाली करून, कान बाहेर. आवाज नाही. मग उजवीकडं. तिकडंही नाही. मी थांबणार तेवढ्यात ते म्हणाले, "आसू दे, आजून दोन फेऱ्या मार."

फिरता फिरता ते बोलले. "तुझ्या सासूला म्या कदी आसं फिरवलं न्हाई. कुठं जायचं म्हनली की पास हाय की, एसटीनं जाऊ, म्हनायचो. ती बी न्हाई म्हनायची न्हाई." सासूबाई गेल्यानंतर मामांच्या तोंडून मी त्यांचा उल्लेख पहिल्यांदा ऐकत होते. मी गाडी फिरवत राहिले. थोड्या वेळानं त्यांनी डोळ्यांवरून बाही फिरवली आणि म्हणाले, "चल, तुला उशीर होतोय. म्या बी येतो छावनीवर."

त्या दिवसापासून ते रोज यायचे. मी जनावरं बघायची, ते चारा आणणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची चाकं बघायचे. संघाचे लोक त्यांना चहा पाजायचे आणि ट्रॅक्टरवाले त्यांची बोलणी खायचे. छावणी उठली तेव्हा ते सगळ्यांचा निरोप घेत फिरत होते आणि मी गाडीत बसून वाट बघत होते. शेवटी मला हॉर्न वाजवावा लागला.