गेरबॉक्सवरची कुंभारीण

हौसेला मोल नसतं म्हणतात. हौसेला अक्कलही नसते, हे कळसाडीच्या रूपचंदने दाखवून दिलं. कापसाचं एक साल बरं काय गेलं, गड्याने बडोद्याकडच्या कुणा संस्थानिकाची जुनी विलायती मोटार उचलून आणली. दोनच सीटा, वर कापडी छप्पर, रंग डाळिंबी, आणि पोट जमिनीला इतकं टेकलेलं की खळ्यातली कोंबडीसुद्धा तिच्या खालून मान वाकवून जायची. गावाला रस्ता म्हणाल तर बैलगाडीच्या चाकोऱ्या. पावसात इथली काळी माती पायातलं खेटर धरून ठेवते, तिथे ही बया काय चालणार? आषाढापासून ती खळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये पोत्यांखाली पडून राहिली. दसऱ्याला रूपचंदने तिला हार घातला, शहाद्यापर्यंत मिरवून आणली, आणि परत आणून उभी केली तर खाली तेलाचं थारोळं.

मग तळोद्याला धुडकू मिस्त्रीकडे निरोप गेला.

धुडकू काही असल्या गाड्यांचा मिस्त्री नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर लिलावात निघालेल्या जीपगाड्या मोलगीच्या घाटात चढायच्या, त्या मोडल्या की हा जोडायचा. पण जोडायचा खरा! आणि तोंडही तसंच होतं. गाडीखाली पडल्या पडल्या ड्रायव्हरांच्या फिरक्या घ्यायचा, पाना मारता मारता गाणी म्हणायचा, त्याच्या दुकानात चहा प्यायला माणसं उगाच यायची. ते सगळं जसोदाबाई होती तोवर. जसोदाबाई म्हणजे त्याची बायको. पहिलटकरीण होती. तिच्या कळा सुरू झाल्या तेव्हा धुडकू वर मोलगीकडे एका मोडक्या जीपखाली होता. खाली उतरला तेव्हा घरासमोर माणसं जमलेली. बाई गेली, पोर गेलं, दोघांना एकाच दिवशी नेलं.

तो रडला नाही. लोक म्हणाले, दगड आहे. पण दगड तरी उन्हात तापतो. धुडकूला भूक लागत नव्हती असं नाही, जेवायचा. झोप येत नव्हती असं नाही, झोपायचा. कुणी दुसऱ्या लग्नाचं काढलं तर मान हलवायचा, त्या मानेला हो म्हणावं की नाही, ते समोरच्याने ठरवावं. कुंभारीण नावाची ती काळी गांधीलमाशी असते ना, घरोघर मातीचं घरटं करते ती? ती अळीला डंख मारून घरट्यात आणून ठेवते. अळी मरत नाही आणि हलतही नाही. धुडकूचं तसं झालं होतं, आणि त्याला दोन वर्षं उलटून गेली होती.

तर धुडकू आला. मोटारीभोवती एक फेरी मारली. बोनेट उघडून पाहायच्या आधी खाली बसला आणि थारोळ्यात बोट बुडवलं.

"काय गळी ऱ्हायनं रे?" रूपचंदने विचारलं.

"देखस."

बोटावरचं तेल चोळलं, हुंगलं. इंजनाचं तेल काळं असतं, ब्रेकचं पातळ. हे जाड, पिवळसर आणि कुजक्या अंड्यासारखा वास मारणारं. म्हणजे गेरबॉक्सचं. पण गेरबॉक्समधून कुठून? चालत्या गाडीत वारा तेल मागे नेतो, एका जागी गळतं आणि दुसरीकडे ठिबकतं. धुडकूने गाडी ठोकळ्यांवर चढवली, खालून सगळी रॉकेलने धुतली, कोरडी पुसली आणि सांध्यांवर कोरडा चुना फासला. रात्रभर तशीच ठेवली. सकाळी चुना पांढरा फेक, एक थेंब नाही. मग रूपचंदला म्हणाला, चालवून तापवून आणा. तापवून आणली तर मागच्या सीलापासून, म्हणजे तेल अडवणाऱ्या कड्यापासून, चुन्यावर तेलाची ओली रेघ.

सील गेलं, त्यात काय. त्याने सील बदललं. गाडी तापवली. पुन्हा रेघ. आता मात्र तो बसून राहिला. विडी पेटवली आणि ओढायची विसरला. थंडपणी गळत नाही, तापल्यावरच गळतं, नवं सील घालूनही गळतं. मग सीलाचा दोष नाही. तेल बाहेर पडत नाही, त्याला आतून कुणीतरी ढकलतंय. तापलेली हवा फुगते, आणि तिला वर निघून जायला एक बारीक नळी असते. ती नळी बुजली असेल तर हवा जाईल कुठे? मिळेल तिथून तेल घेऊन बाहेर येईल.

दुसऱ्या दिवशी रूपचंद उसाच्या फडावर गेला असताना धुडकूने गाडीतला गालिचा उपसला, गेरबॉक्सवरचं झाकण काढलं आणि कंदील आत धरला. नळी होती तिथेच होती. तिच्या तोंडावर चांगला लिंबाएवढा मातीचा गोळा, बोटांनी लिंपल्यासारखा गुळगुळीत. पावसाळाभर गाडी उभी, आणि कुंभारणीने तेवढीच कोरडी जागा हेरली.

इतकंच होतं. स्क्रू ड्रायव्हरचा एक टोला मारला की काम संपलं. त्याने हात आत घातला.

"नका फोडू, भाऊ."

शेडच्या दारात रूपचंदची बायको रुक्मिणीबाई चहाची कपबशी घेऊन उभी होती. डोक्यावरचा पदर पुढे ओढलेला, आवाज इतका हळू की धुडकूला वाटलं आपल्याशी नाहीच.

"तठे कुंभारीननं घर शे ना? मी देखेल शे तिले. चिखल लयी लयी मोटारनाखाल जाये."

धुडकूने हात तिथेच थांबवला. घरात कुंभारणीने घर केलं की त्या घरात पाळणा हलतो, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. त्या मुलखात असलं घरटं फोडत नाहीत, केरसुणीसुद्धा बाजूने फिरवतात.

"माले दिवस जायेल शेतस," ती म्हणाली. "दोन डाव वाया गयं. आते कोनले सांगेल नही. घरधनीसले बी नही. सांगं तर त्या हसतीन, अन् सोता फोडी टाकतीन." मग थोडं थांबून, कपबशी पोत्यावर ठेवत म्हणाली, "सासू म्हनस, यंदा नही व्हयनं तर दुसरी लयसूत."

कायदा झाला होता म्हणे, एकीवर दुसरी करता येत नाही असा. पण कायदा शहाद्याच्या कचेरीत, आणि सासू चुलीपाशी. रुक्मिणीबाईला चूल जास्त जवळ होती.

आता खरं सांगायचं तर धुडकूला दया आली नाही. वाचणाऱ्याला वाटेल आली असेल, पण नाही आली. त्याच्या स्वतःच्या घरात चुलीवरच्या आढ्याला कुंभारणीचं घर होतं. जसोदाबाई रोज त्या घरट्याकडे बघून हसायची, धूर लागू नये म्हणून चूल अलीकडे ओढायची. तिला काय मिळालं? त्याला माहीत होतं की माती ती माती. फोडलं काय आणि नाही फोडलं काय, व्हायचं ते होणार. म्हणूनच हात मागे घेणं त्याला सोपं गेलं. बाईला नको आहे ना? नको तर नको. त्याने झाकण लावलं, गालिचा अंथरला आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.

संध्याकाळी रूपचंदला म्हणाला, "भाई, एक सामान मुंबईतून येवाले पाहिजे. तवर गळी. मी तेल भरत जासू."

मग सुरू झाली ती एक गंमतच. दर बाजाराच्या दिवशी धुडकू शहाद्याला यायचा, तिथून सायकल मारत कळसाडीला, आणि गळून गेलं असेल तितकं तेल गेरबॉक्समध्ये भरायचा. जे एका टोल्याचं काम, त्यासाठी माणूस दिवाळी, संक्रांत, होळी करत फेऱ्या घालतोय! बूच ढिलं ठेवून हवा काढून द्यावी म्हटलं तर बुचातूनच तेल उसळलं असतं. दुसरा उपाय नव्हता. गाडीखाली एक परात कायमची ठेवली. रूपचंद नंदुरबारला एका व्यापाऱ्याकडे गेला, तर त्याच्या फरशीवर डाग पडला आणि सगळ्यांदेखत शोभा झाली. तिथून आला तो धुडकूला वाटेल ते बोलला. धुडकूने ऐकून घेतलं आणि तेल भरलं.

रूपचंदने धुळ्याहून दुसरा मिस्त्री आणला. त्याने वर पाहिलंच नाही. खाली ओलं दिसलं, सील बदललं, चहा घेतला, गेला. तिसऱ्या दिवशी परात भरली. तळोद्यात मात्र व्हायचा तो बोभाटा झालाच. मोलगीच्या जीपवरचा आमश्या ड्रायव्हर एकदा म्हणाला, "मिस्त्री, घाट चढवणारा तू, अन् तुला दोन सीटांचं खेळणं आवरेना?" पूर्वीचा धुडकू असता तर आमश्याला पळता भुई थोडी झाली असती. आताचा नुसता म्हणाला, "नाही आवरत." आमश्यालाच कसंतरी झालं. हळूहळू दोन जीपवाले दुसरीकडे जायला लागले.

धुडकू फेरीला आला की रुक्मिणीबाई चहा आणून ठेवायची. बोलत नसे. पण पदराखाली पोट दिसू लागलं होतं, आता घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सासू तिला पाण्याचा हंडा उचलू देत नव्हती. एका फेरीला धुडकूच्या ध्यानात आलं, की आपण गेरबॉक्सच्या आधी तिची चाल पाहतो. पाय सुजलेत का, तोंड उतरलंय का. हे कशासाठी, ते त्याने स्वतःला विचारलं नाही. सातवा महिना लागला तेव्हा घरी जाताना त्याला वाटेत दोनदा सायकलवरून उतरून बांधावर बसावं लागलं. उन्हाचं असेल, म्हणाला.

वैशाखात निरोप आला. मुलगी झाली, बाई सुखरूप, आणि सव्वा महिना झाला की मोटार घेऊन तापीकाठच्या प्रकाशाला देवदर्शनाला जायचंय, तेव्हा ती गळायची थांबव नाहीतर भंगारात घाल.

धुडकू गेला. सासू ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला पेढा देत होती. नात झाली म्हणून तोंड वाकडं करील अशी गावाची अटकळ होती, पण म्हातारी "पहिली बेटी, धनाची पेटी" म्हणत मिरवत होती. या खेपेला रूपचंद शेडमधून हलला नाही. उभा राहून पाहत होता. धुडकूने गालिचा उपसला, झाकण काढलं, स्क्रू ड्रायव्हर लावला आणि मनगटाचा एक हलका टोला दिला. गोळा सुटला. आत कुणी नव्हतं, कधीच उडून गेलेले. नळी तारेने साफ केली, फुंकून पाहिली. गाडी तापवून आणली. खाली पुसलेली परात कोरडीच राहिली.

"इतलंच व्हतं?" रूपचंद म्हणाला.

"इतलंच."

"गारानं ढेकूळ? तुले पहिला दिवसपासून मालूम व्हतं?"

धुडकू पाने पुसायला लागला. सांगितलं असतं तर बाईवर गेलं असतं. रूपचंदचा चेहरा लाल झाला. सगळ्या गावात माझं हसं केलंस, म्हणाला. चोर आहेस, म्हणाला. पुन्हा या खळ्यात पाय टाकलास तर बघ. धुडकू पाने पिशवीत भरत होता. चोर म्हटलेलंही त्याला लागलं नाही.

"मी सांगेल व्हतं त्यासले."

रुक्मिणीबाई दारात होती, मुलगी छातीशी धरलेली. सासू ओट्यावरून ऐकत होती, तरी ती थांबली नाही. फोडू नका म्हणून मी विनवलं, भाऊंनी माझ्यासाठी बोल खाल्ले, असं नवऱ्याच्या तोंडावर सांगितलं. रूपचंदने एकदा तिच्याकडे, एकदा मातीकडे पाहिलं आणि त्याला कुठे पाहावं ते कळेना. तो मोटारीचं दार उगाच उघडझाप करत राहिला.

"कुंभारीन माले पावनी," ती धुडकूला म्हणाली. "तुमनामुळे."

आणि इथे धुडकूच्या तोंडून जे निघालं, ते त्याने ठरवलेलं नव्हतं.

"मन्हा घर बी व्हतं," तो म्हणाला. "चुल्हानावर. जसोदा रोज देखे त्याले. जसोदा गई. पोर बी गयं."

मुलगी कुरकुरली. आणि धुडकूला राग आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या अंगात काही उठलं, आणि तो राग होता, त्या एवढ्याशा पोरीवरचा. हिचं घरटं पावलं आणि आमचं का नाही? ही जगली, माझं का नाही? त्याला ओरडावंसं वाटलं. त्याने पिशवी उचलली आणि निघाला.

रुक्मिणीबाई वाटेतून बाजूला झाली नाही. तिने मुलगी पुढे केली. "ल्या."

"हात तेलना शेतस."

"धुवाई जाई."

त्याने पिशवी खाली ठेवली आणि मुलगी घेतली. पांढऱ्या अंगड्यावर त्याच्या दहाही बोटांचे काळे ठसे उठले. त्याचा राग गेला नव्हता, तो तसाच होता, आणि तरी त्याला रडू आलं. रूपचंदच्या, म्हातारीच्या, सगळ्यांच्या देखत तो जसोदाबाईला रडला, आणि पोरगी परत मागायला कुणी हात पुढे केला नाही.