आकाशातली खरखर

रेल्वेच्या टेलिफोन विभागात माझी उभी हयात लाइनवरची खरखर काढण्यात गेली. निवृत्तीनंतर चेन्नईत वेस्ट मांबलमच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी खरखर ऐकायचं यंत्र बनवायला बसलो, तेव्हा बायको म्हणाली, "जन्मभर जिला हाकललंत, तिलाच आता घरी बोलावताय?"

तिचं चूक नव्हतं. पण ही खरखर निराळी. जगात कुठे ना कुठे वीज कडाडतच असते, आणि तिच्यातून निघालेल्या रेडिओलहरी हजारो मैल जातात. लांब तार, साधा अ‍ॅम्प्लिफायर आणि हेडफोन एवढ्यावर त्या ऐकता येतात. अडचण एकच, शहरातल्या वायरिंगची घूं घूं सगळं झाकून टाकते. वर्षभर मला तिच्याशिवाय काही ऐकू आलं नाही. मी शेजाऱ्यांच्या इन्व्हर्टरना शिव्या घालत राहिलो.

शेवटी शटडाऊनचा दिवस गाठला. त्या दिवशी दुरुस्तीसाठी सकाळपासून दुपारपर्यंत आमच्या भागातला करंट बंद असतो. बायको दारोदार जाऊन, "पत्तु निमिषम दान, मामी," म्हणत दहा मिनिटांसाठी इन्व्हर्टर बंद करवून आली. इतकी चेष्टा करून वर हेही तीच करणार.

गच्चीत हेडफोन लावले. घूं घूं गेली होती. अगदी शांत.

"लाइन एकदम स्वच्छ!" मी खुशीत ओरडलो आणि लगेच जीभ चावली. इथे स्वच्छ लाइन कुणाला हवी होती? मी बॅटरी बदलली, सगळे जोड तपासले. मग चिडून म्हणालो, "यंत्रच बिघडलंय."

"आणा इकडे." तिने हेडफोन लावले आणि दचकलीच. "अहो, फोडणीत मोहरी तडतडतेय नुसती! ही एक मोठी... ही आणखी!"

मी पुन्हा लावले. काही नाही. इतके दिवस जाडी घूं घूं मला ऐकू येत होती, ही बारीक तडतड येत नव्हती. ज्या कानांवर मी तीस वर्षं नोकरी केली, ते गेलेत हे मला कबूल करायचं नव्हतं, म्हणून तर डॉक्टरकडे जायचं टाळत होतो.

"मला ऐकू येत नाहीये गं," मी म्हणालो.

"माहीत आहे." तिने माझा हात धरला. "दोन वर्षं घसा ताणून बोलतेय मी. अख्ख्या बिल्डिंगला वाटतं, आपण रोज भांडतो."